जोडीची उचल

१ जुलै, मंगळवार. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. शेवगावच्या खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली डायरी सहा महिने कोरी होती, कारण घाईघाईत सुरुवात करणं माझ्या स्वभावात नाही. सगळी मोठी माणसं रोजनिशी लिहितात. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे मोठं होण्याच्या ऐन वयात.

लिहायला निवांतपणा मिळाला, कारण मी खोलीत अडकलो आहे. दर मंगळवारी आमच्या ओसरीत बायकोच्या, म्हणजे पंकजाच्या, लोनच्या गटाची मीटिंग असते. पंधरा बायका सतरंजीवर ओळीनं बसतात. कंपनीचे करण सर (वय तेवीस, मिशीचं अजून नक्की नाही) हप्ते गोळा करतात. नियम असा की शेवटच्या बाईचा हप्ता येईपर्यंत कुणी उठायचं नाही. सरांनीसुद्धा नाही. एकीचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे. आमच्या खोलीला दार एकच, ते ओसरीत उघडतं. मी बनियनवर आहे. शर्ट ओसरीतल्या दोरीवर आहे. संडास अंगणात आहे.

८.५०. अजून बसल्यात. असो. संयम वाढतो.

४ जुलै, शुक्रवार
घरची परिस्थिती एकदा नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षी पंकजानं चाळीस हजारांचं लोन घेतलं, मोठी गॅसची शेगडी आणली आणि बाजरीच्या भाकरी विकायला लागली. रोडवरचे तीन ढाबे, शिवाय दहाव्या-तेराव्याच्या ऑर्डरी. रोज दोनशे भाकरी. माझी आई राहीबाई पीठ मळते. मी मार्गदर्शन करतो.

लोन ऑक्टोबरात फिटतं. लगेच ऐंशी हजारांचं दुसरं मिळणार, त्यातून पिठाची गिरणी. पंकजा म्हणाली, गिरणी आली की मी ऊस तोडायला येनार न्हाई. सोळा सीझन झाले, आता बास. संस्कृतीची दहावी हाय, या साली तरी पोरगी परीक्षेपत्तुर आईपाशी ऱ्हाऊ द्या.

मी म्हणालो, मंजूर. ती म्हणाली, मी इचारलं न्हाई, सांगितलं.

बोलण्याची एक पद्धत असते. पण मी मनाला लावून घेतलं नाही.

८ जुलै, मंगळवार
करण सरांनी आज विम्याची माहिती सांगितली. लोन चालू असताना नवरा वारला तर उरलेले हप्ते माफ. नेमका तेव्हाच मला आत खोकला आला.

मीटिंग सुटल्यावर चार बायकांनी तब्येत विचारली. छबूबाई आमच्या सेंटरच्या लीडर. गावातल्या प्रत्येक बाईच्या फॉर्मवर त्यांची सही लागते. त्या म्हणाल्या, कल्याणभाऊ, जपा हां जरा. एकजण म्हणाली, रातच्याला धाप लागती का?

एवढं खरं की घराचा आधार कोण, हे कंपनीला तरी कळलं आहे.

१५ जुलै, मंगळवार. खोलीतून
मार्ग सापडला. अँकरिंग!

मे महिन्यात शेवगावला एका लग्नात बघितलं. ब्लेझर घातलेला पोरगा माईक हातात घेऊन तीन तास बोलला, 'वधूवरांवर शुभेच्छांचा वर्षाव' वगैरे, आणि पाच हजार घेऊन गेला. माझा आवाज त्याच्यापेक्षा जड आहे. देवानं गळा दिला, फक्त स्पीकर दिला नाही.

माझा मित्र वैजनाथ मंडपवाला आहे. तो म्हणाला, सेट आन, कामं मी देतो. साधा हिशेब: बारा लग्नं, साठ हजार. म्हणजे पंकजाला लोनसुद्धा लागणार नाही. ओसरी मोकळी. मंगळवार मोकळा. मी मोकळा.

१९ जुलै, शनिवार
भांडवल उभं राहिलं. भिमाजी मुकादमाकडून उचल घेतली. खरं म्हणजे मी घेतली नाही, त्यानंच दिली. दरवर्षी याच दिवसांत तो ऊसतोडीच्या सीझनचे पैसे आगाऊ वाटतो. त्याच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला तो अर्धा कोयता म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. किती सुंदर विचार आहे, नवराबायको मिळून एक! जोडीचे साठ हजार. पंकजाच्या आधारकार्डाची झेरॉक्स तिच्या लोनच्या पिशवीत होतीच, तीन होत्या, एक दिली आणि उचलीच्या कागदावर सही केली.

कोण जाणार आहे ऊस तोडायला? दिवाळीच्या आत साठ हजार परत, कागद परत. पंकजाला एवढ्यात सांगत नाही. बाईमाणसाला उगीच घोर. यश आल्यावर सांगितलेलं बरं असतं.

२६ जुलै, शनिवार
स्पीकर दोन, कॉर्डलेस माईक एक, ब्लेझर (मरून). बूट टोकदार. चोऱ्यांचे दिवस म्हणून खोलीच्या खिडकीला गज बसवले. वैजनाथला अडचण होती, त्याला दहा हजार दिले, पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. पंकजानं विचारलं, हे कुठून? मी म्हणालो, वैजनाथचं हाय, ठिवायला दिलंय. अगदीच खोटं नाही. दुकानात ओळख त्याचीच होती.

संस्कृतीनं ब्लेझर बघितला आणि विचारलं, पप्पा, कुनाचं लगीन हाय?

३ ऑगस्ट, रविवार
वैजनाथनं आज एक तांत्रिक मुद्दा काढला. चातुर्मास लागला आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. आणि तुळशीचं लग्न नोव्हेंबरात. मुकादमाचा ट्रक भाऊबीजेनंतर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. पण सरावाला ऑफ सीझन लागतोच. लग्न सोडून इतर कार्यक्रमांवर लक्ष केंद्रित करणं.

१७ ऑगस्ट, रविवार
पहिला कार्यक्रम झाला. दहावा होता. मयत व्यक्ती प्रतिष्ठित, गर्दी मोठी. सुरुवात उत्तम. आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. मधे स्पीकरनं शीळ घातली, ती सगळेच स्पीकर घालतात. शेवटी भरात येऊन मी म्हणालो, अशा या थोर आत्म्यासाठी एकदा जोरदार टाळ्या झाल्याच पाहिजेत. तिघा-चौघांनी वाजवल्या. पोरं होती.

थोरल्या मुलानं माईक हातातून काढून घेतला. मानधनाचं मीही मग विचारलं नाही. जेवलो. भाकरी पंकजाच्या होत्या, दीडशे. तिला तिथंच रोख मिळाले. तिनं मला लांबून बघितलं, पण ओळख दाखवली नाही. कामाच्या ठिकाणी नातं आणू नये, हे तिला कळतं.

३१ ऑगस्ट, रविवार
गणपती मंडळ. संगीत खुर्ची, महिलांसाठी. 'हौशी भगिनींनी पुढं यावं' असं म्हणायच्या आत पाऊस. एका स्पीकरमध्ये पाणी. दुरुस्ती बावीसशे, तीही मीच दिली. मंडळानं नारळ दिला.

संकल्प: उद्या पंकजाला उचलीचं सांगणं.

१ सप्टेंबर, सोमवार
तिच्याकडं अडीचशे भाकरींची ऑर्डर. कामात व्यत्यय नको.

२ सप्टेंबर, मंगळवार
मीटिंग. पंधरा बायका.

३ सप्टेंबर, बुधवार
दाढ दुखत होती.

१४ सप्टेंबर, रविवार
मुकादमाचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. आईनं विचारलं, कुनाचा रं? म्हणालो, कंपनीचा, सिमकार्डवाल्यांचा. आई म्हणाली, सिमकार्डवाल्याचं नाव भिमाजी हाय व्हय? स्क्रीनवरचं नाव आईला कधीपासून वाचता येतं, देव जाणे.

वैजनाथनं दहा हजार परत दिले नाहीत. भेटतही नाही. शिल्लक: आठशे रुपये, दोन स्पीकर, एक ब्लेझर. घाबरण्याचं कारण नाही. चाळीस दिवस आहेत.

रात्री जेवताना पंकजा हसत होती. म्हणाली, अजून पाच हप्ते, मंग झालं. गिरणी कुठं ठेवायची ते ती आणि संस्कृती दोरीनं मोजत होत्या. मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

३० सप्टेंबर, मंगळवार
नवीन लोनचा फॉर्म आला. त्यावर नवऱ्याची सही लागते! करण सर म्हणाले, पंकजाताईंच्या मिस्टरांनी चौदा तारखेला शेवटच्या हप्त्याच्या दिवशी सही करावी, मग मंजुरी.

रात्रभर विचार केला. गरज तिला आहे, सही माझी आहे. आता मी शांतपणे सांगणार: हा एकच सीझन चल, सहा महिन्यांचा प्रश्न, उचल फिटते, मग आल्यावर लोन, गिरणी, सगळं. नाहीतर सही नाही. संस्कृतीला आई बघेल. आजवर बघितलंच की. सहावीत एकदा पोरगी तापानं फणफणली होती आणि आम्ही उसाच्या फडात होतो, पण बरी झालीच.

याला वाटाघाटी म्हणतात. कधी बोलायचं तेवढं ठरवायचं आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मीटिंग चालू होती, मी आत. मोटारसायकल थांबली. भिमाजी मुकादमाचा आवाज ओसरीत. कल्याण हाय का? फोन घेत न्हाई गडी. मग पंकजाला म्हणाला, भाऊबीज झाली की ट्रक निघतोय, भांडीकुंडी बांधून ठिवा.

पंकजानं विचारलं, कसली भांडी?

मुकादम म्हणाला, उचल घेतलीया की जोडीची. साठ हजार. तुमचं आधार बी दिलंय त्यानं.

मी खिडकीकडं बघितलं. गज फार मजबूत बसवले आहेत.

छबूबाईंचा आवाज आला, कल्याणभाऊ, भाईर या. शर्ट बाहेर दोरीवर होता. हाताला ब्लेझर लागला, तो बनियनवर घालून बाहेर आलो. पंधरा बायकांनी बघितलं. एकही हसली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं. सतरंजीच्या टोकाला बसलो.

पंकजा रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही. तिनं मुकादमालाच विचारलं, माझ्या नावानं पैसं देताना मला इचारलं का? मुकादम म्हणाला, नवऱ्यानं घेतली की जोडीचीच झाली. आजवर कुन्या बाईला इचारलंय? पंकजा म्हणाली, सोळा वर्सं न्हाई इचारलं. मी बी गप ऱ्हायले, चुकलं माझं. मग माझ्याकडं वळली. म्हणाली, गिरणीची जागा मोजताना दोरी धरली हुती तुमी.

एवढंच म्हणाली. मान खाली होती, मला बूट दिसत होते फक्त. तेही मुकादमाचे.

मी वाटाघाटी सुरू केल्या. म्हणालो, एकच सीझन. नाहीतर माझी सही... एवढ्यात एक बाई उठून म्हणाली, ही सा महिनं फडात गेली तर नवीन लोनचे हप्ते आमी भरायचे का? मग दुसरी बोलली. मग सगळ्या. करण सर म्हणाले, मला पुढं दोन सेंटर आहेत. छबूबाई म्हणाल्या, बसा सर. निकाल लागल्याबिगर कुनी उठायचं न्हाई, तुमचाच नियम हाय. मुकादम उठायला लागला. त्यालाही म्हणाल्या, तुमीबी बसा. तुमच्या मंडळींचा फॉर्म माझ्याकडंच पडलाय सहीला.

मुकादम बसला. त्याची बायको मागच्या ओळीतच होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

साडेअकरापर्यंत बसलो. निकाल: पंकजा जाणार नाही. माझ्या वाटचे तीस हजार मी एकट्यानं फडात फेडायचे. तिच्या नावचे तीस तिला न विचारता दिले, त्यापोटी मुकादमानं दोन्ही स्पीकर आणि माईक घ्यायचा, बाकीचं नुकसान त्यानं सोसायचं. मुकादम म्हणाला, अर्ध्या कोयत्याला जोड कुठून आनू मी? छबूबाई म्हणाल्या, ते तुमचं तुमी बघा.

मला कुणी काही विचारलं नाही. पण निकाल सर्वसंमतीनं झाला असं म्हणता येईल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
शेवटचा हप्ता भरला गेला. सहीचा हुकमाचा पत्ता माझ्याकडं अजून होता. ठरवलं होतं, मागितली की पेन खाली ठेवायचा आणि म्हणायचं, आधी बोलू.

कुणी मागितली नाही. पती सहा महिने बाहेरगावी जाणार असेल तर घरातलं दुसरं मोठं माणूस चालतं, असं करण सर म्हणाले. आईनं सही केली. वाचते हे कळलं होतं, पण सहीला तिला फक्त अंगठा येतो असं मी समजत होतो. राहीबाई, स्पष्ट अक्षर, खाली रेघसुद्धा. मी म्हणालो, आई, तू? ती म्हणाली, मी पन वीस वर्सं मोळ्या वाहिल्यात रं.

२६ ऑक्टोबर, रविवार. ट्रकमध्ये
निघालो. राहात्याकडच्या बाजूला जायचंय, म्हणजे जिल्हा तोच. परगावी गेल्यासारखं मानायचं कारण नाही. पंकजानं पंधरा दिवसांचं पीठ, तवा आणि चटणी बांधून दिली. संस्कृती म्हणाली, पप्पा, ऊन लागलं की टोपी घाला. ट्रक वळेपर्यंत पंकजा दारात उभी होती. मग आत गेली, ढाब्याची ऑर्डर होती.

संकल्प: सीझनमध्ये दोघांचं काम एकट्यानं करून दाखवणं. तीन महिन्यांत फेडून जानेवारीत परत.

३० ऑक्टोबर, गुरुवार
मुकादमानं माझी जोड लावली. दुसरा अर्धा कोयता म्हणजे लंकाबाई. विधवा, वय बासष्ट सांगते, तीस सीझन केलेत. मी समजलो तिला सांभाळून घ्यावं लागेल. जोडीत गडी ऊस तोडतो आणि बाई मोळी बांधून डोक्यावर ट्रॅक्टरपर्यंत नेते. लंकाबाईनं पहिल्या दिवशी माझं तोडणं पाच मिनिटं बघितलं, कोयता हातातून घेतला आणि म्हणाली, तू मोळ्या बांध.

बांधतोय. वाहतोय. ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवर चढताना मोळी डोक्यावर आणि खाली बघता येत नाही. मान आखडली. टोपीखाली एका जागी केस घासून निघायला लागले. पंकजाच्याही डोक्यावर तिथंच केस विरळ आहेत. मी आजवर तेलाचा दोष समजत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार
मुकादम पहाटे साडेतीनला माझ्या माईकवरून कामगारांना उठवतो. दोन्ही स्पीकर उत्तम चालतात. आवाज फार लांब जातो. त्याला शब्दफेक जमत नाही, पण माणसं उठतात.

लंकाबाई फडातलीच जोड, चुलीवरची नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. तेव्हा भाकरी मीच करतो. थापताना तुटते. तुकडे खातो. चव तीच असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री
लोन मंजूर. गिरणी आली. संस्कृतीनं व्हिडिओ कॉलवर दाखवली. पंकजाच्या भुवयांना पीठ लागलं होतं, ती काहीतरी बोलत होती, पण गिरणीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, मोटर गरम होऊ देऊ नका, हिशेब मी आल्यावर लावून देतो. त्यांनाही ऐकू आलं नसावं.

फोन ठेवल्यावर पालाबाहेर जरा वेळ बसलो. घरी जावंसं फार वाटलं. जाता येत नाही. मुकादमाकडं कागद आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पंकजाचा फोन. आज पहिल्यांदा ती स्वतःहून बोलली. पाठीला तेल लावा म्हणाली. जेवता का म्हणाली. मी म्हणालो, इथं माझ्यावाचून पान हलत नाही. मग म्हणाली, एक ऐका माझं. पुढल्या सालची उचल तेवढी घेऊ नका.

मला रागच आला. म्हणालो, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? माणूस एकदा चुकतो, शहाणा होतो. ती बरं म्हणाली. फोन ठेवला.

वाईट वाटलं. सोळा वर्षांच्या संसारात बाईनं नवऱ्याला एवढंही ओळखू नये.

मुकादमाला उचलीचं मी सकाळीच विचारलं होतं. अर्ध्या कोयत्याला देत नाही म्हणाला. जोडी घेऊन ये, मग बघू.